आधी वस्तू, मग बुद्धी: घर, प्रवास आणि शहरातील स्मार्ट तंत्रज्ञान कसे पारखावे

पुढे वाचण्यापूर्वी जमल्यास एक लहानसा प्रयोग करावा. संध्याकाळी, सगळी माणसे घरात असताना, राऊटर तासभर बंद ठेवावा आणि काय काय अडते ते कागदावर लिहून काढावे. फोनवरचे संदेश थांबले किंवा चालू असलेला चित्रपट अडकला, तर त्यात नवल नाही. ती कामे नेटचीच आहेत. मात्र दिवा लागेना, दाराचे कुलूप उघडेना, किंवा पंख्याचा वेग कमी करण्यासाठी नेट परत येण्याची वाट पाहावी लागली, तर त्या घरात बुद्धी नको त्या जागी बसवली गेली आहे असे खुशाल समजावे. घर, प्रवास आणि शहर या तिन्ही ठिकाणच्या स्मार्ट तंत्रज्ञानाला या लेखात हीच एक कसोटी लावली आहे: बुद्धी काढून घेतली तरी वस्तूने आपले मूळ काम केले पाहिजे.

कोणतीही स्मार्ट यंत्रणा उलगडून पाहिली, तर तिच्यात तीन कामे सापडतात. एक घटक मोजतो, दुसरा ठरवतो आणि तिसरा करतो. हवेतील ओलावा मोजणारा सेन्सर, पंखा लावायचा की नाही हे ठरवणारा प्रोग्राम आणि पंख्याचा वीजप्रवाह जोडणारा रिले अशी ही साखळी असते. चौकातील सिग्नलपासून बसच्या वेळा दाखवणाऱ्या फलकापर्यंत तिचे रूप बदलते, सांगाडा तोच राहतो. जाहिरातीत मोजणारा आणि करणारा घटक दिसतो, ठरवणारा दिसत नाही, आणि खरी मेख तिथेच असते. निर्णय त्या वस्तूतच होतो, घरातील एखाद्या छोट्या संगणकावर होतो, की हजारो किलोमीटर दूरच्या सर्व्हरवर होतो, हे खरेदीपूर्वी विचारावे. ७ डिसेंबर २०२१ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतील सर्व्हर-केंद्रांत बिघाड झाला, तेव्हा अनेक घरांतील झाडलोट करणारे रोबो आणि दारावरचे कॅमेरे ॲपला प्रतिसाद देईनासे झाले. वस्तू धडधाकट होत्या. ठरवणारा गैरहजर होता. त्याहून बोलके उदाहरण रिव्हॉल्व्ह नावाच्या घरगुती नियंत्रकाचे, म्हणजे घरातील सगळी स्मार्ट उपकरणे एका जागेवरून चालवणाऱ्या पेटीचे आहे. गूगलच्या मालकीच्या नेस्टने २०१४ मध्ये तो बनवणारी कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचे सर्व्हर बंद केले. त्याबरोबर लोकांनी पैसे मोजून घेतलेली ती उपकरणे एका दिवसात निकामी झाली.

तक्रारींची वही

घर स्मार्ट करायचे म्हणजे उपकरणांची यादी करायची, अशी समजूत सर्वत्र आढळते आणि बहुतेक फसलेली कामे तिथूनच सुरू होतात. यादी उपकरणांची नको, तक्रारींची हवी. आठवडाभर एक वही हाताशी ठेवावी आणि घरातील प्रत्येकाने आपली अडचण आपल्या शब्दांत लिहावी: रात्री उठल्यावर अंधारात बटण सापडत नाही, न्हाणीघराच्या भिंतीला बुरशी येते, वॉशिंग मशीनखाली पाणी साचलेले दुसऱ्या दिवशी कळते, बाहेर पडल्यावर इस्त्री बंद केली का हे आठवत नाही. आठवडा संपल्यावर प्रत्येक तक्रारीपुढे, ती साध्या उपायाने सुटेल का, हे लिहावे. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच गळतात, कारण अंधारात चमकणारे बटण किंवा आपोआप बंद होणारी इस्त्री यांना नेटही लागत नाही आणि ॲपही लागत नाही.

उरलेल्या तक्रारींपैकी ज्यांत नुकसान मोठे आणि लक्ष ठेवणे अवघड, तिथे पहिला खर्च करावा. त्या दृष्टीने गळतीचा सेन्सर मला सर्वांत उपयुक्त वाटतो. तो स्वस्त असतो, बॅटरीवर दीर्घकाळ चालतो, जमिनीवर ठेवला की काम झाले. आणि त्याने वेळेत दिलेली एक सूचना वर्षभराच्या रंगीत दिव्यांपेक्षा अधिक मोलाची ठरते. धुराच्या सूचकाबाबत मात्र एक पथ्य पाळावे: तो स्वतः मोठ्याने वाजणारा असावा, फोनवरची सूचना ही केवळ जोड असावी.

स्विचबोर्डच्या मागे

दिवे आणि पंखे स्मार्ट करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे दिवाच स्मार्ट घ्यायचा. दुसरा म्हणजे भिंतीवरील बटण तसेच ठेवून त्याच्यामागे छोटा रिले बसवायचा. पहिला मार्ग सोपा दिसतो, पण पाहुण्याने किंवा मुलाने सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले की दिव्याचा वीजपुरवठाच तुटतो आणि ॲपमध्ये तो बेपत्ता दिसू लागतो. मग बटणांवर ‘हात लावू नये’ अशा चिठ्ठ्या चिकटवलेली घरे पाहायला मिळतात, आणि ज्या घरात दिवा लावायला सूचना वाचावी लागते त्याला स्मार्ट म्हणणे कठीण आहे. रिलेच्या मार्गात बटण पूर्वीसारखेच चालते, नेट असो वा नसो. ॲप हा फक्त दुसरा रस्ता उरतो. आपली कसोटी हाच मार्ग निवडते.

रिले बसवण्यापूर्वी स्विचबोर्डात न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी तार आहे का, हे जाणकार वायरमनकडून तपासून घ्यावे. साध्या बटणाला न्यूट्रल लागत नाही, कारण ते केवळ फेज, म्हणजे वीज आणणारी तार जोडते आणि तोडते. त्यामुळे अनेक जुन्या घरांत ही तार थेट दिव्याकडे गेलेली असते आणि बटणापाशी पोहोचतच नाही. रिलेला मात्र स्वतः जागे राहण्यासाठी अखंड वीज हवी असते. न्यूट्रलशिवाय चालणारी बटणेही मिळतात, पण ती दिव्यातूनच किंचित प्रवाह वाहू देतात आणि त्यामुळे कमी वॉटचा एलईडी बंद असतानाही मिणमिणतो किंवा लुकलुकतो. मेन स्विच बंद केल्याशिवाय बोर्ड उघडू नये, आणि विजेचे काम येत नसेल तर ते शिकण्यासाठी ही जागा निवडू नये.

दुसरी तपासणी भाराची. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर २००० वॉटचा हीटर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. १० अँपिअरचा स्मार्ट प्लग कागदावर तो पेलतो, पण तासन्‌तास कमाल मर्यादेच्या जवळ चाललेला प्लग तापतो आणि त्याच्या आतील सांधे झिजतात. अशा उपकरणासाठी १६ अँपिअरचा प्लग घ्यावा. मोटार असलेली उपकरणे सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचतात, म्हणून त्यांच्यासाठी प्लगवर मोटारीचा भार वेगळा लिहिला आहे का ते पाहावे. आणि माणूस घरात नसताना दुरून हीटर लावण्याचा मोह आवरावा. दुरून बंद करणे सुरक्षित असते, दुरून लावताना त्याच्यासमोर पडदा किंवा कपडा आला आहे का हे दिसत नाही.

वीज वाचवण्यासाठी सगळे घर स्मार्ट करू पाहणाऱ्यांनी एक साधे गणित मांडावे. सतत जागे राहणारे एक वॉटचे उपकरण वर्षाला ८.७६ युनिट वीज खाते. अशी वीस उपकरणे बसवली तर १७५ युनिट. कोठीच्या खोलीतील ९ वॉटचा दिवा दिवसाला दहा मिनिटे लागत असेल तर त्याचा वर्षाचा वापर जेमतेम अर्धा युनिट होतो. तोच दिवा स्मार्ट केला आणि त्याचा जागता भाग अर्धा वॉट घेत असला, तरी त्या बुद्धीचा खर्च ४.३८ युनिट, म्हणजे दिव्याच्या आठपट होतो. म्हणून बचत हवी असेल तर जिथे भार मोठा आणि विसर नेहमीचा, तिथेच हात घालावा: पाणी तापवणे, खोली थंड वा उबदार ठेवणे, कपडे वाळवणे.

न दिसणारे जाळे

उपकरणे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात, हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, परंतु पुढची दहा वर्षे त्यावर अवलंबून असतात. वाय-फायची उपकरणे बसवायला सोपी, पण प्रत्येक उपकरण राऊटरवर एक जागा अडवते आणि त्याची बॅटरी लवकर संपते. त्यांतील बहुतेक स्वस्त उपकरणे केवळ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात; फोन ५ गिगाहर्ट्‌झवर असल्यामुळे पहिली जोडणी फसणे हा नेहमीचा अनुभव आहे. झिगबी आणि थ्रेड हे प्रकार कमी विजेवर चालतात आणि त्यांची उपकरणे एकमेकांचे संदेश पुढे पोहोचवतात. झेड-वेव्ह हा प्रकार एक गिगाहर्ट्‌झपेक्षा कमी लहरी वापरतो, त्यामुळे भिंती अधिक सहज ओलांडतो. मात्र त्याची वारंवारता देशागणिक वेगळी असल्याने परदेशातून आणलेले उपकरण इथल्या जाळ्यात बसेलच असे नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर या सामाईक मानकाची पहिली आवृत्ती आली. एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवलेल्या या मानकाचे मोठेपण असे, की त्यातील उपकरणे घरातल्या घरात, बाहेरच्या सर्व्हरची परवानगी न मागता आज्ञा पाळू शकतात. नवीन खरेदी करताना वेष्टनावर मॅटरचे चिन्ह शोधावे. ते असले म्हणजे सगळे सुरळीत होईल असे नव्हे, परंतु एका कंपनीच्या दावणीला बांधले जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

जाळे उभारताना क्रम महत्त्वाचा आहे. झिगबीमध्ये संदेश पुढे पोहोचवण्याचे काम थेट विजेवर चालणारी उपकरणेच करतात, बॅटरीवरची करत नाहीत. म्हणून आधी प्लग आणि रिले, नियंत्रकापासून सुरुवात करून घराच्या टोकाकडे, आणि शेवटी दारे-खिडक्यांवरचे सेन्सर बसवावेत. झिगबीचे १५, २० आणि २५ हे चॅनल वाय-फायच्या १, ६ आणि ११ या चॅनलांच्या फटींत बसतात, त्यामुळे त्यांपैकीच एक निवडावा आणि तो निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा. नंतर चॅनल बदलला तर काही उपकरणे नव्याने जोडावी लागतात. झिगबीचा नियंत्रक संगणकाच्या यूएसबी ३ खाचेत थेट खोचला तर त्या खाचेतून निघणारा गोंगाट झिगबीला त्रास देतो. हातभर लांबीची साधी एक्स्टेन्शन केबल लावून तो दूर ठेवला, की ‘सेन्सर मधूनच गायब होतो’ या तक्रारीचा मोठा भाग मिटतो. ही केबल हा माझ्या माहितीतील सर्वांत स्वस्त इलाज आहे.

नियम लिहिताना

उपकरणे बसली की नियम येतात: हालचाल दिसली तर दिवा लागू दे, ओलावा वाढला तर पंखा चालू दे. नवखा माणूस चालू होण्याचा नियम आधी लिहितो. उलट करावे, बंद कधी होणार हे आधी लिहावे, कारण घरातील माणसे चिडतात ती दिवा उशिरा लागल्यामुळे नव्हे, तर भलत्या वेळी गेल्यामुळे. हालचाल ओळखणारे नेहमीचे पीआयआर सेन्सर शरीराच्या उष्णतेतील हलता बदल टिपतात. पुस्तक वाचत स्थिर बसलेला माणूस त्यांच्या लेखी खोलीत नसतोच. सेन्सर बसवल्याच्या पहिल्याच आठवड्यात, तोंडाला साबण लावलेला असताना, मी न्हाणीघरात अंधारात उभा होतो. तिथे दोन उपाय संभवतात: श्वासाची हालचालही टिपणारा रडार पद्धतीचा सेन्सर वापरावा, किंवा दाराच्या सेन्सरची जोड देऊन, दार बंद असेपर्यंत दिवा बंद होऊ देऊ नये. रडारही निर्दोष नाही. फिरता पंखा किंवा हलणारा पडदा त्याला माणूस वाटतो, म्हणून त्याची दिशा आणि पल्ला नीट आखावा लागतो.

ओलाव्याच्या पंख्यासाठी ठरावीक आकडा वापरू नये. ‘सत्तर टक्क्यांवर चालू’ असा नियम कोरड्या दिवसांत उपयोगी पडतो आणि पावसाळी हवेत पंखा दिवसभर चालवत ठेवतो. न्हाणीघरातील ओलावा शेजारच्या खोलीपेक्षा किती जास्त आहे, या फरकावर नियम बांधावा.

एका आठवड्यात एकच नियम घालावा, आणि हाताने दाबलेले बटण प्रत्येक नियमाच्या वरचढ ठेवावे. प्रत्येक नियमाची एक ओळ कागदावर लिहून, नियंत्रकाचा पासवर्ड कोणाजवळ आहे हेही नोंदवून, तो कागद मुख्य वीजबोर्डाजवळ ठेवावा. हे सगळे उभारणारा माणूस प्रवासात असताना किंवा आजारी असताना घर इतरांना चालवता आले पाहिजे.

दारे बंद करणे

२०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती लाजिरवाणी वाटावी इतकी सोपी होती: कारखान्यातून येणारे साठएक ठरावीक नाव-पासवर्ड तो एकामागून एक लावून पाहत असे. त्या उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे असंख्य लोकांसाठी काही तास बंद पडली. ज्यांच्या घरातील कॅमेरे यात वापरले गेले, त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. यातून निघणारे काम अर्ध्या तासाचे आहे. प्रत्येक उपकरणाचा मूळ पासवर्ड बदलावा. राऊटरवर पाहुण्यांसाठी असलेले वेगळे जाळे सुरू करून शक्य तितकी स्मार्ट उपकरणे त्यावर हलवावीत, म्हणजे एखाद्या दिव्यात कोणी शिरले तरी कामाच्या संगणकापर्यंत वाट मिळत नाही. आणि राऊटरमध्ये बाहेरून आत येणारे मार्ग आपोआप उघडणारी यूपीएनपी ही सोय बंद करावी.

खरेदी करताना सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षे मिळतील, हे लेखी विचारावे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना सारखा सोपा पासवर्ड देण्यास कायद्याने मनाई आहे आणि दुरुस्त्यांचा किमान काळ जाहीर करणे उत्पादकावर बंधनकारक आहे. इतरत्र असा कायदा असो वा नसो, ज्या कंपनीला हा काळ सांगता येत नाही तिचे कुलूप दाराला लावू नये.

स्मार्ट वीजमीटरबाबत थोडे वेगळे भान हवे, कारण तो आपण निवडत नाही, वीजकंपनी बसवते. १९८० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या तंत्रसंस्थेत जॉर्ज हार्ट यांनी दाखवून दिले होते, की घराच्या एकत्रित वीजवापराच्या आलेखातील चढउतारांवरून कोणते उपकरण केव्हा चालू झाले हे ओळखता येते. म्हणजे पुरेशा बारीक अंतराने नोंद घेणारा मीटर घरातील माणसे केव्हा उठतात, केव्हा बाहेर जातात हेही सांगू शकतो. नेदरलँड्समध्ये २००९ साली संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने सक्तीचे स्मार्ट मीटर याच चिंतेपोटी अडवले होते. आपल्या मीटरची नोंद किती मिनिटांनी कंपनीकडे जाते, ती कोणाला दिली जाते आणि तीच नोंद आपल्यालाही पाहता येते का, हे तीन प्रश्न अर्जाद्वारे विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल तर त्या नोंदींसारखे दुसरे साधन नाही: पहाटे सर्वजण झोपलेले असतानाचा वापर पाहावा. तो घराचा कायमचा भार असतो, आणि तो कमी करणे म्हणजे दिवसाचे चोवीस तास वीज वाचवणे.

प्रवासात

बसच्या ॲपवर ‘४ मिनिटांत’ असे दिसते तेव्हा त्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे वेळापत्रकातील छापील वेळ. दुसरी म्हणजे बसवरील जीपीएसने कळवलेली जागा आणि त्या रस्त्यावरचा मागील वेग यांवरून काढलेला अंदाज. २००५ साली अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने गूगलच्या साहाय्याने वेळापत्रके एका ठरावीक साच्यात जाहीर केली. जीटीएफएस नावाचा हा साचा पुढे जगभर पसरला. चालू वेळेची माहिती देणारा त्याचा जोडभाग २०११ मध्ये आला, पण सगळ्याच संस्था तो वापरतात असे नाही. म्हणून प्रथम आपल्या ॲपमध्ये प्रत्यक्ष वेळ कोणत्या रंगाने किंवा चिन्हाने दाखवतात ते शोधावे. ते चिन्ह नसेल तर ती वेळ म्हणजे कागदावरचे वचन आहे, आणि कधी कधी अशी बस डेपोतून सुटलेलीच नसते.

गर्दीचा नकाशा वाचतानाही तो काय मोजतो हे लक्षात ठेवावे. फेब्रुवारी २०२० मध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला: त्यांनी ९९ फोन एका हातगाडीत घालून बर्लिनच्या रिकाम्या रस्त्यांवरून ती सावकाश ओढत नेली, आणि गूगलच्या नकाशावर तो रस्ता कोंडीने लाल झाला. नकाशा गाड्या मोजत नाही. फोन आणि त्यांचा वेग मोजतो. त्याच्या सल्ल्याचे परिणामही गल्लीत दिसतात. न्यू जर्सीतील लिओनिया या गावाने २०१८ मध्ये गर्दीच्या वेळी आपल्या निवासी गल्ल्या बाहेरच्या वाहनांना बंद केल्या होत्या, कारण ॲप हजारो चालकांना तिथून वळवत होते. रोजच्या प्रवासासाठी एक आठवडा ॲपच्या मार्गाने आणि एक आठवडा आपल्या मार्गाने जाऊन वेळ नोंदवावी. फरक दोन-तीन मिनिटांचा असेल तर मुख्य रस्ताच धरावा.

तिकिटासाठी बँक कार्ड किंवा फोन टेकवण्याची सोय असेल, तर चढताना आणि उतरताना तेच साधन टेकवावे. फोनमध्ये नोंदवलेले कार्ड आणि खिशातील तेच प्लॅस्टिकचे कार्ड यंत्रणेला सहसा दोन वेगळे प्रवासी वाटतात. प्रवास अर्धवट नोंदला जातो आणि कमाल भाडे कापले जाते. फोनची बॅटरी संपल्यावर बाहेर कसे पडायचे हे ठरवून, एक साधे कार्ड जवळ ठेवावे.

विजेवरच्या गाडीचे गणित अवघड नाही. २३० व्होल्ट आणि ३२ अँपिअरच्या घरगुती चार्जरमधून सुमारे ७.४ किलोवॉट मिळतात, म्हणजे ४० युनिटांची बॅटरी रिकामी असली तरी साडेपाच-सहा तासांत भरते. रात्रभराच्या मुक्कामात ते सहज बसते. जलद चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग बराच उतरतो, त्यामुळे लांबच्या प्रवासात ८० ला उठून पुढे जाणे बहुधा शहाणपणाचे असते. स्वस्त विजेच्या वेळेत आपोआप चार्जिंग सुरू करणारा चार्जर घ्यावा, पण त्यावर नेटशिवाय चार्जिंग सुरू करणारे बटण आहे का, हे दुकानातच दाबून पाहावे. स्वयंचलित गाड्यांच्या जाहिरातींत एकच गोष्ट शोधावी: शून्य ते पाच या प्रचलित श्रेणींपैकी ती कोणत्या श्रेणीत येते. दुसऱ्या श्रेणीपर्यंतची गाडी कितीही कौशल्याने वळली, तरी रस्त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाची असते.

शहराला प्रश्न विचारणे

शहराच्या बाबतीत आपण ग्राहक नसतो, नागरिक असतो, त्यामुळे हातात पाना-पेचकस नसून अर्ज असतो. नवा प्रकल्प जाहीर झाला की पुढील गोष्टी लेखी विचाराव्यात: यंत्रणा नेमके काय मोजणार, ती माहिती किती दिवस ठेवणार, करार संपल्यावर ती कोणाच्या ताब्यात राहणार, आणि यंत्रणा बंद पडली तर मूळ सेवा कशी चालणार. टोरांटोच्या किनाऱ्यावर सेन्सरांनी भरलेली वस्ती उभारण्याचा साइडवॉक लॅब्जचा प्रकल्प ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर झाला आणि मे २०२० मध्ये मागे घेतला गेला. कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचे कारण दिले, परंतु त्याआधीची अडीच वर्षे माहिती कोणाच्या मालकीची या वादातच गेली होती.

नागरिकांना स्वतःही मोजता येते. हवेतील सूक्ष्म कण मोजणारे स्वस्त सेन्सर लेझरचा प्रकाश कणांवरून कसा विखुरतो त्यावरून अंदाज बांधतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा उगाच वाढतो, म्हणून ओलाव्याची नोंद सोबत ठेवल्याशिवाय तक्रार करू नये. शक्य असल्यास सेन्सर काही दिवस अधिकृत केंद्राशेजारी ठेवून दोन्ही आकड्यांची तुलना करावी. मगच त्याचे म्हणणे कार्यालयात टिकते.

राऊटर बंद करून पाहण्यासारखा प्रयोग संपूर्ण शहराने केल्याचे एक उदाहरण आहे. स्टॉकहोममध्ये कामाच्या दिवशी दिवसा शहराच्या मध्यभागी येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांवर कॅमेऱ्यांच्या साहाय्याने कर आकारण्याची यंत्रणा जानेवारी २००६ मध्ये सुरू झाली आणि जुलैअखेर ठरल्याप्रमाणे बंद करण्यात आली. ती चालू असताना हद्द ओलांडणारी वाहने सुमारे पाचव्या हिश्शाने घटली. बंद होताच पुन्हा वाढली. सप्टेंबरमध्ये नागरिकांचे मत घेतले गेले आणि २००७ मध्ये यंत्रणा कायमची झाली. लोकांनी ती चालूही पाहिली होती आणि बंदही, म्हणून त्यांचे मत ऐकीव राहिले नव्हते. आपल्या शहरातील प्रकल्पासाठीही अशी चालू-बंद चाचणी मागावी.

चौकातील सिग्नलची चाचणी तर अर्जाशिवायही होते. सिडनीत १९७० च्या दशकात विकसित झालेल्या स्कॅट्ससारख्या यंत्रणा रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यांवरून वाहने ओळखून हिरव्या दिव्याचा वेळ बदलतात. मध्यवर्ती संगणकाशी संपर्क तुटला, तर चौकातील नियंत्रकाने आपल्याजवळ साठवलेल्या ठरावीक वेळांवर सिग्नल चालू ठेवणे अपेक्षित असते, आणि तोही बिघडला तर दिवे लुकलुकत्या अवस्थेत जावेत, दोन्ही बाजूंना हिरवा कधीही दिसू नये. पुढच्या वेळी परिसरातील वीज किंवा नेट गेले की जवळच्या चौकात दहा मिनिटे उभे राहून सिग्नल यांपैकी काय करतो ते पाहावे, आणि चौकाचे नाव, तारीख व वेळ यांसह ते वाहतूक विभागाला कळवावे.